विनीच्या राखेवरचं झाड

माळाची राखण करणाऱ्या जिलला नाही म्हणण्याचाच पगार मिळायचा, आणि फेब्रुवारी उजाडेपर्यंत तिचा घसा बसलेला असायचा. नाही, कुत्रा मोकळा सोडायचा नाही. नाही, इथे शेगडी पेटवायची नाही. नाही हो, झाडं तोडतोय ती बिल्डरसाठी नाही, माळासाठीच.

हे शेवटचं सांगताना तर ती मेटाकुटीला येई. शेजारच्या जंगलातून बर्चच्या झाडांचं बी वाऱ्यावर यायचं आणि माळावरच्या हेदरच्या झुडपांत रुजायचं. बर्च वाढली की हेदर मेलं, मग वाळूतले सरडे गेले, उघड्या जमिनीवर अंडी घालणारा रातवा पक्षीही गेला. म्हणून हिवाळ्यात दर रविवारी गावातली म्हातारी टोळी करवती आणि चहाचे फ्लास्क घेऊन बर्च काढायला यायची. टोळीची म्होरकी विनी. "बोट दिलं की हात धरते ही बया," असं पुटपुटत तिने जन्मभर बर्च उपटली. ती गेल्यावर तिच्या नवऱ्याने, सिरिलने, तिची राख गोर्सच्या काटेरी जाळीमागे, तिच्या आवडत्या जागी टाकली.

आणि नेमकी तिथेच बर्च उगवली.

हेदरला निकस माती लागते. राखेने माती सुधारली आणि बर्चचं फावलं. हे जिलला कळत होतं, सिरिललाही. तरी दर हिवाळ्यात सिरिल टोळीला दुसऱ्या टोकाला न्यायचा, आणि जिल त्या जाळीजवळून आभाळाकडे बघत जायची. असं करता करता बर्च डोक्याच्या वर गेली. यंदा तिला पहिल्यांदाच तुरे धरले.

"ए जिल," टोळीतली मॉरीन सगळ्यांसमोर ओरडली, "ती जाळीमागची महाराणी कुणाची गं? तिला माफी आहे का?"

जिल सरळ सिरिलकडे गेली. तो घडीच्या स्टुलावर बसून केक खात होता.

"सिरिल, तुरे धरलेत."

"दिसतंय. म्हातारा झालोय, आंधळा नाही."

"पानगळीच्या आत बी उडेल. मग आपण सगळे मरेपर्यंत उपटत बसू."

"नाहीतरी दुसरं काय करतोय?" सिरिलने केकचा चुरा झटकला. "विनी असती तर म्हणाली असती, 'बघत काय बसलायस, उपट!' पण ती नाही ना, पोरी. तीच तर पंचाईत आहे."

राहू दे, हे शब्द जिलच्या अगदी ओठांवर आले. एकदा, फक्त एकदा, कुणाला तरी हो म्हणावं. किती सोपं होतं! पण दोन-तीन महिन्यांत आफ्रिकेतून थकून येणारा रातवा उघडी जमीन शोधणार होता, आणि त्याची बाजू घेणारं तिच्याशिवाय कुणी नव्हतं.

"नाही, सिरिल," ती म्हणाली.

सिरिल स्टुलावरून उठला.

"मग मॉरीनला हात लावू देऊ नकोस. तूच काप. आणि जमिनीलगत काप. वर राहिलेले खुंट विनीला खपत नसत."

जिल बर्चपाशी गुडघे टेकून बसली. रस्ता ओलांडताना कुणाचं कोपर धरावं तसं सिरिलने खोड धरलं. करवत चार-सहा वेळा फिरली आणि पांढऱ्या सालीची ती बर्च त्याच्या अंगावर रेलली. त्याने तिला हळूच खाली आडवं केलं.

आता औषध. कापलेल्या प्रत्येक खुंटावर लगेच निळं औषध फासायचं, हा जिलचाच नियम. नाहीतर बर्च उन्हाळ्यात पुन्हा फुटते. सिरिल मुद्दाम दुसरीकडे बघत उभा होता. जिलने खिसा चाचपला.

"औषध संपलं वाटतं," ती म्हणाली.

खिशातल्या बाटलीत औषध डुचमळलं. दोघांनीही ऐकलं.

"अरेरे," सिरिल म्हणाला. "म्हणजे फुटणार ती."

"फुटणारच. पुढच्या फेब्रुवारीत परत कापायला यावं लागेल."

"गुडघे राहिले तर."

"कुणाचे, तुमचे की माझे?"

"ज्याचे राहतील त्याने यावं," सिरिल म्हणाला आणि बर्चचा शेंडा धरून ओढू लागला. बुंध्याकडची बाजू जिलने उचलली.