गाडीचं कपाळ

मी रागीट आहे असं आमच्या प्रभादेवीच्या गल्लीत सगळे म्हणतात. ते खरं नाही. माणसं यंत्राशी कशी वागतात ते मला बघवत नाही, एवढंच.

माझी बीएसए मोटारसायकल लढाई संपल्यावर लष्कराच्या लिलावात घेतलेली. बाजूला साईडकार. त्या साईडकारमध्ये बसून आमची सुमती अख्खी मुंबई फिरली आणि अख्खी मुंबईभर मला "अहो, हळू" म्हणत राहिली. पुढे माझ्या गुडघ्याने दगा दिला. ही गाडी किक उलटी मारते. दोनदा मारली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, एक तर गाडी ठेवा नाही तर पाय. सुमतीने मला न विचारताच पाय ठेवला.

गिऱ्हाइकं येऊ लागली. एकाने जिना चढायच्या आधीच किंमत विचारली, त्याला हाकलला. एकाने टायरला लाथ मारून बघितली, त्याला तर मी नाक्यापर्यंत पोचवून आलो. मग आनंदा आला. काळाचौकीला राहणारा, शिवडीच्या गोदामात मुकादम. त्याने गाडीपाशी उकिडवं बसून इंजिनाखालचा तेलाचा डाग बोटाने पुसला, वास घेतला आणि म्हणाला, "अप्पा, ही तेल पिते का सांडते?"

"दोन्ही," मी म्हणालो. माणूस बरा वाटला.

"कशाला पाहिजे तुला साईडकारवाली गाडी?"

"आईसाठी, अप्पा."

त्याची आई जाईबाई. संयुक्त महाराष्ट्रासाठी लालबागहून निघालेला एकही मोर्चा तिने चुकवला नव्हता. चालून चालून गुडघे संपवले. मुंबईसह महाराष्ट्र झाला की शिवाजी पार्कात जाऊन बसेन, हे तिचं बोलणं. आता राज्य होणार म्हणून पक्कं झालं होतं आणि तिला चाळीचा जिना उतरवत नव्हता. टॅक्सीत बसायला ती तयार नव्हती. लेकाच्या गाडीतून जाईन, नाही तर घरीच बसेन, असा हट्ट.

मी स्वतः कुठल्या मोर्च्यात गेलो नव्हतो. गर्दीत गाडी तापते. पण गुडघ्यांचं दुःख मला कळतं. मी म्हणालो, "महिनाभर वापर. तेवढ्यात एकदा जरी रस्त्यात बंद पडली, तर तुझे पैसे तुला आणि माझी गाडी मला."

आनंदाने हो म्हटलं. आणि ती बंद पडावी असं मला मनातून वाटत होतं, हेही सांगून टाकतो.

दर रविवारी तो सकाळी यायचा आणि मी त्याला शिकवायचो. किक अशीच हाणायची नाही. आधी कार्बोरेटरला पेट्रोल चढू दे, हँडलवरचा ठिणगीचा कान, म्हणजे ती छोटी दांडी, मागे घे, पायाने हळूच दाबून कुठे अडतंय ते बघ, आणि मग सगळं अंग घालून एकच मार. घाबरत मारलीस तर ती तुला मारेल. ट्रामचे रूळ तिरपे कापायचे, त्यांच्या सोबतीने चाललास तर ते तुला थेट डेपोत नेतील. रिकामी साईडकार डाव्या वळणावर हवेत उचलली जाते, म्हणून आत वाळूचं पोतं ठेव. चेनला घरातलं खोबरेल लावलंस तर मला तोंड दाखवू नकोस. वाटेत आवाज बदलला तर थांब, ऐक, मग बोल. एवढं सगळं मी सांगितलं. आनंदा एकदा ऐकायचा आणि पुढच्या रविवारी नेमकं तसंच करायचा. मला त्याचा फार राग यायचा, कारण ओरडायला जागाच सापडत नव्हती.

अटीच्या महिन्याचा शेवटचा दिवस नेमका एक मेचा आला.

मी मुद्दाम काळाचौकीला गेलो आणि मागच्या सीटवर बसलो. अट माझी होती, पंचही मीच. वाळूचं पोतं काढून तिथे आनंदाने जिन्यावरून उचलून आणलेल्या जाईबाईला बसवलं. नवं लुगडं, मांडीवर पूजेचं ताट. तिने गाडीची साग्रसंगीत पूजा केली होती. हँडलला झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू आणि पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावर, बरोब्बर मधोमध, खोबरेल तेलात कालवलेल्या कुंकवाचा रुपयाएवढा टिळा. झाकण गोल आणि उंच, तिला ते गाडीचं कपाळ वाटलं. मी बघितलं. सणाच्या दिवशी म्हातारीशी कोण भांडणार?

पहिल्या किकला गाडी सुरू झाली. चाळीने टाळ्या वाजवल्या. लालबागला माणसं रस्त्यावर गुलाल उधळत होती, कुणी पेढे वाटत होतं. परळच्या नाक्यावर इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं.

आनंदाचा चेहरा पांढरा झाला. भोवती गर्दी जमली आणि गर्दी म्हटली की सल्ले आले. एक म्हणाला प्लग, दुसरा म्हणाला पेट्रोलात रॉकेल, तिसऱ्याने सरळ दृष्टच काढायला सांगितली. मी उतरलो, टाकीचं झाकण उघडून बघितलं. पेट्रोल भरपूर. झाकण लावलं, आनंदाने किक मारली आणि गाडी सुरू. माझ्या हाताने टिळा पुसला गेला होता. जाईबाईने लगेच ताटात बोट बुडवून नवा लावला. "आजच्या दिसाक हिचा कपाळ मोकळा नको," ती म्हणाली.

एल्फिन्स्टन पुलावर पुन्हा तेच. मी झाकण उघडलं, बघितलं, लावलं. गाडी सुरू. जाईबाईचं बोट पुन्हा ताटात. स्वतःचं कपाळ वर्षानुवर्षं मोकळं असलेली ती बाई गाडीचं कपाळ क्षणभरही मोकळं राहू देईना.

तिसऱ्यांदा गाडी बंद पडली ती आमच्या घराखाली. सगळी गल्ली गॅलऱ्यांत उभी. मी झाकण उघडलं तेवढ्यात वरून सुमती ओरडली, "अहो, अंगठा कापलात की काय? लालभडक झालाय!"

मी अंगठा बघितला. मग झाकण बघितलं. झाकणावर मोहरीएवढं भोक असतं. टाकीतलं पेट्रोल खाली उतरतं तशी त्या भोकातून हवा आत जाते. हवा गेली नाही तर थोड्या वेळाने पेट्रोल उतरायचं थांबतं. झाकण उघडलं की हवा शिरते आणि गाडी पुन्हा पळते. हे मला गाडी घेतल्यापासून ठाऊक होतं. महिनाभर मी आनंदाचे कान खाल्ले, पण गाडीला कुंकू कुठे लावायचं ते सांगितलं नाही. मी दर दसऱ्याला हेडलाइटलाच लावत आलो, मग सांगायचं सुचणार कसं!

"जाईबाई," मी हात जोडून म्हणालो, "गाडीचं कपाळ पुढे, दिव्यावर. हे तिचं नाक आहे. परळपासून तुम्ही तिचं नाक दाबून धरलंय."

जाईबाईने आधी तोंडावर पदर धरला, मग पदर सोडून मोठ्याने हसली. गॅलऱ्या हसल्या. सुमतीने तर कठडा धरला. मी टाचणीने भोक मोकळं केलं, जाईबाईने साईडकारमधून वाकून हेडलाइटला टिळा लावला, आणि गाडी जी निघाली ती शिवाजी पार्कापर्यंत थांबली नाही.

मैदान माणसांनी फुललं होतं. झाडांवर दिव्यांच्या माळा लागलेल्या. फक्त आनंदा हसत नव्हता. गाडीसोबत मी दिलेला गॉगल त्याने काढून माझ्यासमोर धरला. "अप्पा, तीनदा बंद पडली. शब्द म्हणजे शब्द. गाडी तुमची."

माझं मन उडी मारून उठलं, खोटं कशाला बोलू. गाडी माझ्यासमोर उभी होती, तापलेली, तेलाचा वास येणारी. साईडकारमधून जाईबाई म्हणाली, "मी उतरूचंय नाय. गाडी नेतास तर माका पण घेवन जावा!"

मी दोघांकडे पाहिलं. मग मला माझा जुना राग आला आणि बरं वाटलं.

"गाडी बंद पडली असं कोण म्हणतो? माझं नाक दाबलंस तर मीही बंद पडेन. ही तुझी आहे. घाल तो गॉगल. आणि रविवारी ये, तेल मी बघणार."

आनंदाने गॉगल घातला, पण काचा आतून ओल्या झाल्या म्हणून पुन्हा काढला. जाईबाईने हट्ट धरला, आता मैदानाला एक फेरी. मी पुन्हा मागे चढलो. आनंदाने ठिणगीचा कान मागे घेतला, पायाने अंदाज घेतला आणि एकच किक मारली. इंजिन असं गरजलं की मला राहवलं नाही. इतकी वर्षं गर्दीत न गेलेला मी मागच्या सीटवर मूठ उंच करून ओरडलो, "संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!"

जाईबाईने मान वळवून माझ्याकडे बघितलं. "अवो, झालो मां तो! आता आणि काय व्हया तुमका?"

मी विचार केला. "काही नको," मी म्हणालो. "आनंदा, डावीकडे वळताना सांभाळ."