गोळीतलं रक्त

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. महाराजांनी दोघी बहिणींतल्या धाकटीच्या हातून डॉक्टरांची रक्तवाढीची गोळी घेतली, कुटून पाण्यात कालवली आणि वर तीर्थाचे थेंब सोडले. पाणी जेमतेम गुलाबलं. मग दुसऱ्या पेल्यात आपल्या डबीतली चिमूट टाकून तेच तीर्थ सोडलं, तसा पेला लालभडक झाला. गर्दीचा श्वास अडकला.

"बघ पोरी, त्यांच्या गोळीत रक्त नाही. आमच्या चिमटीत आहे."

डॉक्टर पावती देतात, आम्ही प्रचीती देतो, अशीही कोटी झाली. सगळे हसले. मागे उभी असलेली थोरली बहीण तेवढी हसली नाही. शाळेत रसायनशास्त्र शिकवायची ती. धाकटीचे दिवस भरत आलेले, ओठ पांढरेफटक, जिना चढली की धाप; आणि आईने महाराजांच्या शब्दावर त्याच दिवशी गोळ्या उचलून ठेवल्या.

थोरलीने रिकामं पाकीट उजेडात धरलं. फेरस सल्फेट. वर्गात ती सांगायची, क्षाराच्या नावात आधी धातू, मग त्याचा जोडीदार. आणि धातू लोहासारखा बहुरूपी असला, तर कोणत्या रूपात आलाय तेही नावानेच सांगायचं. दोन इलेक्ट्रॉन दिलेलं लोह फेरस, तीन दिलेलं फेरिक. त्या तीर्थाने लाल होतं ते फेरिक; महाराजांच्या चिमटीत तेच असणार.

शाळेतून दोन बाटल्या आणून तिने स्वयंपाकघरातच पेले मांडले. फेरिक क्लोराइडच्या पाण्यात तीर्थासारख्याच बिनरंगी पोटॅशियम थायोसायनेटचे थेंब पडले, नि पेला रक्तासारखा झाला.

"तू कधीपासून महाराज झालीस?" आई पुटपुटली.

थोरलीने गोळीच्या पाण्यात तेच थेंब टाकले. फिकट गुलाबी. मग जखम धुवायच्या हायड्रोजन पेरॉक्साइडचा एक थेंब. गोळीचं पाणीही लाल झालं. ती धाकटीकडे वळली.

"लोह तेच गं. एक इलेक्ट्रॉन गेला, रूप बदललं, म्हणून नाव बदललं. रक्त या पेल्यात नाही आणि महाराजांच्याही नव्हतं. रक्त तुझं अंगच लोहापासून बनवतं, आणि त्याला हे न रंगणारं फेरसच सहज पचतं."

आईने लाल पेला बाजूला सारला. मग पिठाच्या डब्यामागून गोळ्या काढून तिने धाकटीच्या ओंजळीत ठेवल्या. धाकटीने एक गिळली.

"ताई, बाळाला काही झालं नसेल ना?"

 सकाळी डॉक्टरांकडे जाऊ, एवढंच थोरली म्हणाली.

सभागृहासमोर अजूनही रांग आहे. त्या रांगेतल्या प्रत्येकाने एकच करावं: रंगाला भुलण्याआधी डबीत काय आहे त्याचं नाव विचारावं. नाव सांगायला जो कचरतो, त्याच्या शब्दावर कुणाचं औषध थांबवू नये.