रिकामं उत्तर

“या आठवड्यात प्रतिभा यांनी कोणताही व्यायाम केलेला नाही. त्यांना प्रोत्साहनाचा संदेश पाठवू का?”

पडद्यावरचं हे वाक्य सुलक्षणानं दोनदा वाचलं. पळण्याची नोंद उद्या दिसेल, उद्या दिसेल म्हणत तिनं आठवडा काढला होता. प्रतिभा आठवडाभर पळाली नाही, असं कधी झालंच नव्हतं.

शिरूरच्या घरात, वरच्या खोलीत बसून सुलक्षणा पुण्याच्या एका कंपनीचं काम करायची. कंपनीचं व्यायामाचं ॲप होतं. लोकांच्या घड्याळात साठलेली पळण्या-चालण्याची माहिती काढून आणणारं एक टूल त्यांनी बनवलं होतं, आणि ते वापरणार होता एआय एजंट, म्हणजे ॲपमध्ये लोकांशी बोलणारा कृत्रिम बुद्धीचा मदतनीस. त्याला शेजारच्या टेबलावर जाऊन विचारता येत नाही. टूलसोबत जे वर्णन लिहिलेलं असेल, तेवढंच त्याला कळणार. टूल कधी वापरायचं, कुणाची आणि कोणत्या दिवसांची माहिती मागायची, आलेल्या उत्तराचा अर्थ काय लावायचा, हे गैरसमजाला जागा न ठेवता लिहून देणं हे सुलक्षणाचं काम.

चाचणीसाठी खऱ्या माणसाची माहिती हवी होती, तेव्हा तिला एकच नाव सुचलं, प्रतिभाचं. केडगावच्या शाळेत दोघी एका बाकावर, आणि पहाटे कालव्याच्या रस्त्यानं पळायलाही बरोबर. पळण्याच्या स्पर्धेच्या निवड चाचणीच्या दिवशी सुलक्षणाचा गुडघा गेला आणि प्रतिभा पुढं निघून गेली. खेळाडू म्हणून रेल्वेत लागली, दौंडला राहू लागली. सुलक्षणा लग्न होऊन शिरूरला आली. भेटी सणासुदीपुरत्या उरल्या, मग त्याही राहिल्या. परवानगीसाठी फोन केला, तर प्रतिभा नुसतं “घे की” म्हणाली होती.

तेव्हापासून नवरा, विश्वजीत, मार्केट यार्डातल्या दुकानावर गेला की सुलक्षणा आधी प्रतिभाचं पळणं उघडायची. चाचणीची गरज संपली तरी सवय सुटली नाही. वेग मंदावला की सर्दी झाली असणार. नदीपर्यंत जाऊन आली की आज सुट्टी असणार. नकाशावर उमटलेली ती पळण्याची रेघ बघता बघता सुलक्षणाचाच श्वास फुलायचा. फोन करावा असं वाटायचं, पण मग वाटायचं, विचारायचं काय? सगळं तर ठाऊकच आहे.

आज मात्र तिनं फोन लावला. उचलला गेला नाही. पुन्हा लावला, तरी तेच. तिनं विश्वजीतला सांगून दौंडची एसटी धरली. चौफुला येईपर्यंत नाही नाही ते मनात येऊन गेलं.

दार प्रतिभानंच उघडलं. अंगात पळायचा टी-शर्ट, कपाळावर घाम, पायांत अजून बूट.

“बरी हायस ना?” सुलक्षणानं उंबऱ्यावरूनच विचारलं.

“मला काय झालंय? ये आत.”

पाणी पिऊन झाल्यावर सुलक्षणानं सगळं सांगितलं. नोंदी दिसत नाहीत, एजंट म्हणतो पळणं बंद झालंय. प्रतिभा खाली बसून बुटाची नाडी सोडत होती.

“परवानगी काढून घेतली म्या,” ती म्हणाली.

“का गं?”

“माहिती कुणी बघितली ते ॲपमधी दिसतं. रोज सकाळी तुझं नाव. मला वाटायचं, आता हिचा फोन येईल. दिवाळी गेली, माझा वाढदिस गेला. मग म्हनलं, हिला मी नको हाय, माझं पळणं तेवढं पायजे.”

सुलक्षणाला खोटं बोलवेना. “पळणंच पायजे होतं,” ती म्हणाली. “माझं राह्यलेलं.”

प्रतिभानं बूट भिंतीशी सरकवले.

“एकटीनं पळायला मला कवाच आवडलं न्हाई,” ती म्हणाली. “तू बरोबर होतीस म्हनून लागलेली सवय ती.”

त्या दिवशी सुलक्षणा संध्याकाळच्या गाडीनं परतली. दुसऱ्या दिवशी तिनं टूलचं वर्णन उघडलं आणि त्यात भर घातली: ‘उत्तर रिकामं आलं, तर त्या व्यक्तीनं व्यायाम केला नाही असं समजू नये. नोंद झाली नसेल, किंवा बघण्याची परवानगी नसेल. तर्क करू नये. त्या व्यक्तीलाच विचारावं.’ पुण्याहून ज्ञानेश्वरीचा, तिच्या वरिष्ठ बाईंचा, निरोप आला: वर्णन आता स्पष्ट झालंय, फक्त चाचणीसाठी मैत्रिणीची परवानगी पुन्हा घ्या. सुलक्षणानं कळवलं, दुसरं कुणीतरी बघू.

रविवारी ती पुन्हा दौंडला गेली. रेल्वेच्या मैदानावर ऊन नुकतं उतरलं होतं. दोघी बोलत बोलत चालू लागल्या. प्रतिभा तिच्यासाठी पावलं आखडती घेत होती. वळणाशी सुलक्षणाचा गुडघा ठणकला, तशी ती थांबली आणि मैत्रिणीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, “जा तू. मी हाय हितंच.”

प्रतिभा पळू लागली. मैदानाच्या पलीकडच्या कडेला ती लहान लहान होत गेली. सुलक्षणा वळणावरच उभी होती. तिच्या दुखऱ्या पायाची टाच मातीवरून उचलली जात होती, पुन्हा टेकत होती.