डोक्यावरची मशीनं

खामगावात तेव्हा टायपिंगचे, शॉर्टहँडचे आणि मॅट्रिकच्या शिकवणीचे मिळून सात-आठ क्लास होते, आणि क्लासवाल्यांचं एक मंडळ होतं. जिनिंगला, पेढीला किंवा सहकारी संस्थेला कारकून हवा असला की निरोप मंडळाकडं यायचा आणि मंडळ ठरवेल त्याचं नाव जायचं. महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षं झाली होती. जिल्हा परिषद नवी होती, कचेऱ्यांत मराठी कागद वाढत चालले होते, जागा निघत होत्या. मंडळाचे अध्यक्ष वैजनाथ सर रस्त्यानं निघाले की पोरांचे बाप सायकलवरून उतरून नमस्कार करायचे.

शरयू त्यांच्याच क्लासात शिकवायची. तिचे वडील कोर्टात कारकून होते. ते अचानक वारले तेव्हा सरांनीच तिला मशीनवर बसवलं, परीक्षा द्यायला लावल्या आणि पुढं शिकवायला ठेवून घेतलं. धाकट्या भावंडांचं करता करता तिचं लग्न राहून गेलं. आता ती पस्तिशीला आली होती. गावातल्या निम्म्या टायपिस्टांची बोटं तिनं वळवलेली होती, पण क्लासच्या पाटीवर नाव सरांचं होतं आणि त्याबद्दल तिला कधी काही वाटलं नव्हतं. वाटायला लागलं ते गोजरमुळं.

गोजर जवळच्याच खेड्यातली. नवऱ्यानं दुसरी बायको आणली, तशी ही आपलं गाठोडं घेऊन भावाकडं परत आली. भाऊ उत्तमराव बरा शेतकरी होता, बहिणीला खाऊ घालायला कुरकुरणारा नव्हता. पण वावरात निंदण करता करता म्हातारी व्हायचं तिच्या मनात नव्हतं. मराठी सातवी चांगल्या गुणांनी पास झालेली बाई. एक दिवस ती क्लासाच्या दारात येऊन उभी राहिली.

"इंग्रजी येतं का?" सरांनी विचारलं.

"नाई."

"मग टायपिंग कशाचं करणार?"

"मराठीचं. मराठीचं मशीन नाई का तुमच्यापाशी?"

होतं. कोपऱ्यात खोळीखाली होतं, कारण मराठी टायपिंगला कोणी येत नव्हतं. सर हसले आणि शरयूकडं बोट दाखवून म्हणाले, "बघा या बाईंचं." शरयूनं खोळ काढली. वर्ष सरता सरता गोजरची बोटं अशी चालू लागली, की इंग्रजीच्या रांगेतली मुलं मान वळवून बघायची.

त्या दिवाळीनंतर लोणारच्या एका सहकारी संस्थेचा निरोप मंडळाला आला. मराठी टायपिस्ट हवा. मंडळाची बैठक सरांच्याच क्लासात भरली. शरयू बैठकीला फक्त पाणी आणि चहा बघायला असायची, पण त्या दिवशी ती भिंतीशी उभी राहिली.

सरांनी दोन नावं सांगितली. दोन्ही मुलं इंग्रजीची. मराठी मशीनला त्यांनी हातही लावलेला नव्हता.

"सर, गोजरचं नाव राहिलं," शरयू म्हणाली.

सगळे वळून पाहू लागले. अनंतराव नावाचे गणिताचे शिकवणीवाले होते, ते चष्मा पुसत म्हणाले, "अहो शरयूताई, बाईमाणूस लोणारला जाऊन एकटी राहणार? आणि तीही नवऱ्यानं टाकलेली. उद्या काही झालं तर नाव मंडळाचं जाईल."

"तिनं नवऱ्याला टाकलंय," शरयू म्हणाली. "आणि संस्थेला टायपिस्ट हवाय. मराठी टायपिंग येणारं माणूस या गावात तिच्याशिवाय दुसरं कोण आहे, सांगा."

सर शांतपणे म्हणाले, "शरयू, बायकांनी शिकावं, मी नाही म्हणत नाही. पण नोकरीला नाव पाठवायचं म्हणजे आपण हमी देतो. पुरुषाची हमी देता येते."

"मग गेली दहा-बारा वर्षं मी शिकवलेल्या मुलांची हमी कोण देत होतं?"

सरांनी पुढचा विषय घेतला. शरयूनं कपबशा गोळा केल्या नाहीत. खुंटीवरची पिशवी घेतली आणि ती जिना उतरून गेली.

दुसऱ्या दिवशी सरांनी घरी बोलावणं पाठवलं. ती गेली, पण बसली नाही.

"मीच तुला मशीनवर बसवलं," सर म्हणाले. आवाजात राग नव्हता, दुखावलेपण होतं.

"हो सर. म्हणून तर उठायला जड जातंय."

आता स्वतःचा क्लास काढायचा म्हणजे जागा हवी. ती दिली झुंबरबाईंनी. या साठीच्या, विधवा, एकेकाळी घरचा तेलाचा घाणा चालवलेल्या. घाणा बंद पडून जागा रिकामी होती, भिंतींना अजून सरकीचा वास होता. "माह्या सुनेले शिकव," त्या शरयूला म्हणाल्या, "बेबीले. थे दिवसभर खिडकीतून रस्ता पाह्यत बसते. भाडं मले नको." बेबी मॅट्रिकला एकदा बसून नापास झालेली, हसरी, हातातून भांडी पडणारी. शरयूनं आईच्या पाटल्या मोडून अमरावतीहून तीन जुनी मराठी मशीनं आणली. पाटी स्वतःच रंगवली. तिच्यावर स्वतःचं नाव लिहिताना हात थांबला, मग तिनं ते मुद्दाम मोठं लिहिलं.

मंडळानं या क्लासकडं दुर्लक्ष करायचं ठरवलं. विद्यार्थिनी येत-जात राहिल्या, पण टिकल्या त्या दोघी, सरांचा क्लास सोडून आलेली गोजर आणि बेबी. सकाळी टायपिंग झालं की शरयू खुर्ची मांडायची आणि त्यांना मुलाखतीला बसवायची.

"पदराशी चाळा नको. हात मांडीवर. आता सांग, नोकरी कशाला हवी?"

"पोटासाठी," गोजर म्हणाली.

"तेवढंच?"

गोजरनं विचार केला. "मले चांगलं येते म्हणून."

"हेच सांगायचं. आणि मान वर करून."

एकदा गोजरनं विचारलं, "ताई, थे शुद्ध बोलाचं कवा शिकवान? सरांच्या क्लासात पोराईले शिकवत."

शरयू थोडी घुटमळली. सरांच्या क्लासात तीच तर शिकवायची, 'मले' म्हणू नका, 'मला' म्हणा. "कागदावर शुद्ध लिही," ती शेवटी म्हणाली. "तोंडानं तुझ्या बोलीत बोल. अडखळत शुद्ध बोलण्यापेक्षा न अडखळता खरं बोललेलं बरं."

परीक्षा जवळ आली. त्या काळी उमेदवारानं आपलं मशीन आपणच केंद्रावर न्यायचं, अशी रीत होती. केंद्र गावाच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेत. मंडळाच्या हातगाड्या आदल्या दिवशी क्लास-क्लास फिरून सगळी मशीनं गोळा करायच्या. त्या घाण्याकडं वळल्याच नाहीत. शरयू हातगाडीवाल्यांकडं गेली. एकानं मान खाली घालून सांगितलं, "ताई, मंडळाचं वर्षभराचं काम हाय आमाले." बाकीच्यांना कापसाच्या बाजाराचं काम होतं.

परीक्षेच्या दिवशी सकाळी तिघी मशीनांपुढं उभ्या होत्या. बेबीचे डोळे भरून आले होते. शरयूला काही सुचत नव्हतं.

"डोक्यावर नेऊ," गोजर म्हणाली.

"बाजारातून?"

"मंग? रस्ता तोच हाय. कापसाचं गाठोडं नेतो त हे काऊन नाई?" तिनं जुनं लुगडं फाडून चुंबळ वळलीसुद्धा.

तिला ओझ्याची सवय होती, बेबीनंही माहेरी पाण्याच्या घागरी वाहिल्या होत्या. पण मशीनं तीन होती, आणि तिसरं लागणारच होतं. परीक्षेत एखादं अडलं तर बदली म्हणून. शरयूनं आयुष्यात डोक्यावर काही घेतलं नव्हतं. कारकुनाची मुलगी. तिच्या आळीतल्या बायका पाण्याची कळशीही कडेवर घ्यायच्या. ती क्षणभर त्या काळ्या लोखंडाकडं पाहत राहिली. मग म्हणाली, "मलाही एक चुंबळ वळ."

"ताई, मान लचकन."

"लचकू दे."

झुंबरबाई काठी घेऊन पुढं निघाल्या. मागं तिघी, डोक्यावर मशीनं. बाजार भरलेला होता. कापसाच्या बैलगाड्यांच्या रांगा लागल्या होत्या. आधी एक दुकानदार उठून उभा राहिला, मग दुसरा. कोणीतरी शीळ घातली. कोणी म्हणालं, "काय विकाले आणलं वं?" झुंबरबाईंनी काठी त्याच्याकडं वळवली आणि तो गप्प झाला. शरयूच्या मानेत कळा येत होत्या, पण मान खाली घालायची सोयच नव्हती. तिच्या पुढ्यात सगळा बाजार होता, ओळखीचे चेहरे होते, तिनं शिकवलेले दोघे कारकून होते. त्यांच्याकडं तिला सरळ बघावं लागलं, आणि बघता बघता तिच्या लक्षात आलं की आपल्याला लाज वाटत नाहीये.

गाड्यांच्या रांगेत उत्तमराव होता. बहिणीला पाहिल्यावर तो गाडीवरून उडी टाकून आडवा आला. परीक्षेचं त्याला माहीत नव्हतं असं नाही, पण हे असं त्याला कुठून ठाऊक असणार!

"उतरव थे," तो दबक्या आवाजात म्हणाला. "साऱ्या बाजारात तमाशा लावला. घरी चाल."

"बाजूले हो, दादा."

"गोजरे, मी हात धरून नेईन तुले."

"हात लावू नको," गोजर म्हणाली. मान तशीच ताठ, नजर समोर. "खाली पडलं त टाईप वाकते. अन् टाईप वाकले त मी तुह्या वावरात जलमभर निंदत बसीन, ध्यानात ठेव. बाजूले हो."

तो बाजूला झाला. मनानं की गर्दीला लाजून, कोण जाणे. तिघी पुढं गेल्या तेव्हा मागून तो एवढंच म्हणाला, "मंग घरी येऊ नको." गोजरच्या गालावरून पाणी ओघळलं. पुसायला हात मोकळा नव्हता.

केंद्रावर व्यवस्थेला वैजनाथ सरच होते. घामानं भिजलेल्या शरयूला पाहून ते खुर्चीतून अर्धे उठले, मग पुन्हा बसले. "मंडळाबाहेरच्या क्लासची बैठक व्यवस्था केलेली नाही," ते म्हणाले.

शरयूनं मशीन एका रिकाम्या बाकावर ठेवलं. श्वास नीट व्हायला थोडा वेळ गेला. शेजारी नागपूरहून आलेले परीक्षक उभे होते. त्यांच्याकडं वळून ती म्हणाली, "प्रवेशपत्र उमेदवाराच्या नावानं आहे, क्लासच्या नाही. उमेदवार आली आहे, मशीन आणलं आहे. बसू द्यायचं नसेल तर तसं लिहून द्या. दोघींना, वेगवेगळं."

परीक्षकांनी सरांकडं पाहिलं. सर खिडकीकडं बघत होते. लिहून द्यायला कोणी पुढं आलं नाही. गोजर आणि बेबी बसल्या.

निकाल लागेपर्यंत गोजर घाण्यावरच, झुंबरबाईंकडं राहिली. निकालात ती पास झाली. बेबी नापास झाली. कागद तिरका गेला तो तिला सरळच करता आला नाही. झुंबरबाईंच्या मुलानं "झाले लाड" म्हटलं तेव्हा बेबीनं पहिल्यांदाच त्याला उलट उत्तर दिलं, "तुम्ही मॅट्रिकले किती वेळा बसले थे सांगू का?" आणि दुसऱ्या दिवशी ती क्लासात हजर झाली.

लोणारच्या संस्थेनं मंडळाच्या दोन मुलांतला एक घेतला होता. त्याला मराठी कळफलक जमेना. निकालाच्या सुमारास तो सोडून गेला. हे कळलं त्या दिवशी शरयूनं मंडळाला न विचारता गोजरला एस.टी.त बसवलं आणि स्वतः शेजारी बसली.

संस्थेचे अध्यक्ष पंजाबराव मोठे जमीनदार, आवाज घुमणारा. शरयूला बाहेर थांबवलं, पण दार उघडंच होतं.

"नवरा काय करतो?" पंजाबरावांनी विचारलं.

"थो नोकरीले आला हाय का?" गोजर म्हणाली. "नाई ना. मंग त्याचं काऊन इचारता? माहं इचारा."

शरयूला वाटलं, संपलं. नेमकं हेच उत्तर तिनं शिकवलं नव्हतं.

"इथं बाई कोणी कामाला नाही," पंजाबराव म्हणाले. "लोक बोलतील."

"मी खामगावच्या बाजारातून डोक्यावर मशीन घेऊन गेली. लोक बोलून दमले. तुमचा कागद द्या, मी टाईप करून दाखवते. चुकला त उठून जाते."

आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग मशीनची टकटक सुरू झाली, आणि ती थांबली तेव्हा पंजाबराव चिटणीसांना म्हणत होते, "भाषा तिखट आहे. कागद मात्र साफ आहे." तीन महिन्यांच्या बोलीवर त्यांनी तिला ठेवून घेतलं. पुढं ती तिथंच राहिली. उत्तमराव कित्येक वर्षं तिच्याशी बोलला नाही. गोजरही आपणहून गेली नाही.

उन्हाळ्यात वैजनाथ सर घाण्यावर आले. एकटेच. दाराशी उभं राहून त्यांनी आतल्या बायका पाहिल्या. आता सहा-सात झाल्या होत्या.

"मंडळानं ठरवलंय," ते म्हणाले, "तुला सभासद करून घ्यायचं. गाड्या येतील, केंद्रावर बाक मिळतील. फक्त नोकरीसाठी नावं मंडळातर्फेच जायची. सगळ्यांना तोच नियम आहे."

शरयूनं त्यांना खुर्ची दिली. ते बसले. ते थकलेले दिसत होते, आणि तिला त्यांच्याबद्दल अजूनही माया वाटत होती. ती माया तशीच ठेवून ती म्हणाली, "नाही, सर. माझ्याकडं शिकलेल्या बाईचं नाव मी पाठवीन. तुम्ही घ्या न घ्या, मंडळाला विचारून नाही."

"एकटी पडशील."

"पडले तेव्हा पडले. आता नाही."

सर उठले. दारात थांबून म्हणाले, "हट्टी आहेस."

"आहे," शरयू म्हणाली.

ते गेल्यावर तिनं त्यांची खुर्ची उचलून जागेवर ठेवली. मग मागून बेबीनं हाक मारली, तिचा कागद पुन्हा तिरका गेला होता. शरयू तिच्याकडं गेली.