वेशीत बसलेला राजा

चंपतराव वैरागडे यांच्या मते अख्ख्या नागपुरात खेळ कळणारा माणूस एकच होता आणि त्याचं नाव चंपतराव वैरागडे. बाकी सगळे लुडो खेळणारे. लुडो म्हणजे काय, तर फासा सांगेल ते मुकाट्यानं करायचं आणि जिंकलं की जणू आपणच अक्कल लढवली म्हणून मिशीला पीळ द्यायचा. कॅरम हा बोटांचा खेळ, डोक्याचा नव्हे. पत्त्यांविषयी तर ते बोलतच नसत. ऑफिसात डब्याच्या सुट्टीत रमीचा डाव पडला की खुर्ची भिंतीकडे फिरवून ते पोळी खात.

ऑफिस नकाशांचं होतं. दिवसभर लोकांच्या शेतांचे बांध शाईनं ओढायचे आणि साहेब उठून गेला की त्याच शाईनं स्वतःचे पट आखायचे. रविवारी इतवारीत भांड्यांच्या गल्लीमागच्या मोडीच्या दुकानांतून फिरायचं. सक्करदऱ्याच्या दोन खोल्यांच्या घरात पुढची खोली सगळी पटांनी भरलेली. कापडी सारीपाट, शिसवी सोंगट्या, कवड्यांच्या थैल्या, आणि वाघबकरीच्या रेघा कोरलेली एक फरशी, जी त्यांनी भंडाऱ्याहून एसटीच्या टपावर टाकून आणली होती. सगळं काचेमागं. हात लावायची कोणाला परवानगी नव्हती, बायकोलाही नाही. सकाळी उठून धूळसुद्धा ते स्वतःच पुसत.

बायको, जयवंता, दुपारी मागच्या अंगणात खडूनं चौकोन आखायची आणि शेजारणींना घेऊन चिंचोक्यांवर चंगाष्टा खेळायची. त्या बायकांचं हसणं कानावर आलं की सुट्टीच्या दिवशी चंपतराव खिडकी लावून घेत. असल्या खेळाला ते खेळ म्हणत नसत, पोट दुखेपर्यंत हसून वेळ घालवणं म्हणत.

त्यांचा स्वतःचा खेळ होता ‘चक्रवर्ती’. अकरा वर्षं ते त्यावर खपले होते. फासा नाही, कवडी नाही. दोन, तीन की चार घरं चालायचं ते राजानंच ठरवायचं. चार कोपऱ्यांतून चार राजे निघणार, एका अरुंद वाटेनं मधल्या वेशीत शिरणार आणि पुढं सिंहासन. वेशीत एका वेळी एकच. अरुंद वाटेवर ओलांडणं नाही, मारणं नाही; वेशीपासून पुढं मात्र मागून आलेल्यानं पुढच्याला मारायचं, मेलेला राजा आपल्या घरी परत. आणि सत्ताविसावा नियम त्यांचा विशेष लाडका: इच्छा नसेल तर चाल सोडावी, कारण शहाणा राजा वाट पाहतो.

हा खेळ त्यांनी किती वेळा खेळून पाहिला होता? शेकडो वेळा. कोणाबरोबर? एकट्यानंच. तोडीचा चौथा गडी मिळेना. खरं म्हणजे तिसरा आणि दुसराही मिळेना. म्हणून स्टूल उचलून पटाच्या चारी बाजूंना ते स्वतःच आळीपाळीनं बसत. चारही राजे हुशारीनं चालत, वेळेवर मारत, वेळेवर मरत, आणि डाव दर खेपेला झकास संपे.

खेळण्यांचे ठोक व्यापारी नत्थूजी इतवारीत होते. चंपतराव त्यांना मनातून बाहुल्या विकणारा म्हणत, पण छापणारा दुसरा कोणी नव्हता. नत्थूजींनी चौसष्ट पानांची नियमांची वही हातात तोलून पाहिली आणि न उघडताच परत दिली. म्हणाले, रविवारी घरी येतो. चार साधी माणसं बसवा. डाव संपल्यावर त्यांनी आपणहून दुसरा मागितला तर छापतो, नाही तर नाही.

चंपतरावांना ते लागलं. दीड दमडीच्या माणसांनी आपल्याला पास करायचं! पण चोपन्नावं वर्ष लागलं होतं आणि अकरा वर्षं ऑफिसनं, भावकीनं, बायकोच्या माहेरानं त्यांच्या पटांवर दात काढले होते. छापलेल्या डब्यावर आपलं नाव आलं की ती सगळी बत्तिशी बंद होईल. एवढंच त्यांना हवं होतं, आणि फार हवं होतं.

साधी माणसं शेजारीच होती. देवाजी, त्यांची बायको यमुताई आणि देवाजींचा धाकटा भाऊ. पण धाकट्याला हिंगण्याच्या कारखान्यात नेमकी रविवारीच पाळी लागली. त्याच्याऐवजी त्याची बायको कुसुमताई आली आणि भासऱ्यासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर बसायचं म्हणून डोक्यावर पदर घेऊन, तिरकी होऊन बसली. चौथे स्वतः नत्थूजी. चंपतरावांनी पाऊण तास नियम वाचले. देवाजींना एकदा डुलकी लागली, तेव्हा तो नियम त्यांनी पुन्हा वाचला.

डाव मात्र बरा सुरू झाला. देवाजी सगळ्यांच्या आधी वेशीत शिरले. त्यांच्या मागोमाग कुसुमताईचा राजा, तिच्या मागं यमुताई, शेवटी नत्थूजी. कुसुमताईला दोनच घरं चालायचं होतं, की देवाजींचा राजा मेला. चंपतराव पुढं वाकले. एकटे खेळताना हीच चाल त्यांना सगळ्यांत आवडायची.

कुसुमताई हललीच नाही. तिनं पदर आणखी पुढं ओढला आणि यमुताईला हळूच म्हणाली, "भासऱ्यायले मी कशी मारू, बाई?"

चंपतरावांनी समजावलं की हा भासरा नव्हे, राजा आहे, लाकडाचा आहे. कुसुमताईनं मान हलवली आणि चाल सोडली. तिच्या मागं अडकलेल्या यमुताईनं सोडली. नत्थूजींनी सोडली. देवाजी तर मजेतच होते. पुढं गेलो तर मागून कोणी ना कोणी मारीन, ते म्हणाले, इथं कोणी मारून नाही राहिलं, मग उठू काहून? त्यांनीही चाल सोडली. सत्ताविसाव्या नियमाप्रमाणे चार शहाणे राजे वाट पाहत बसले. चार फेऱ्या झाल्या, सहा झाल्या, चहा आला आणि संपलाही.

मूर्ख, चंपतराव मनात म्हणाले, एकजात मूर्ख! अकरा वर्षांत या वेशीत एकदाही कोणी अडलं नव्हतं. तिथं शिरलेल्या चौघांत कोणी कोणाचा भासरा नव्हता, हे मात्र त्यांच्या ध्यानात आलं नाही.

नत्थूजींनी मांडीवरची टोपी उचलली. तेवढ्यात दारात ट्रे घेऊन उभी असलेली जयवंता बोलली.

"मारू नोको वं कुसुम. पाया पड."

अंगणातल्या चंगाष्ट्यात त्यांचं असंच होतं, तिनं सांगितलं. सासू असते, मोठी जाऊ असते, त्यांना मारायचं कसं? म्हणून धाकटीनं पाया पडायचं. पाया पडलं की मोठ्यानं आशीर्वाद द्यायचा, उठायचं आणि आपल्या घरी जायचं. नाही म्हणायची सोय नाही, कारण पाया पडणाऱ्याला नाही कोण म्हणतं?

कुसुमताईनं देवाजींच्या राजापुढं बोटं टेकवली. देवाजींनी सवयीनं हात उचलून "सुखी राहा" म्हटलं आणि मग कळलं की आपण गेलो. यमुताई हसता हसता पदरात तोंड घालून बसली. पुढच्या दहा मिनिटांत त्या पटावर इतका आदर झाला की एकही राजा धड बसू शकला नाही. डाव संपला तेव्हा देवाजी हात चोळत म्हणाले, "आनखी एक मांडा गा, चंपतराव."

नत्थूजींनी टोपी खाली ठेवली. म्हणाले, छापतो. नाव तुमचं. पण हा पाया पडायचा नियम पहिल्या पानावर, आणि सत्ताविसावा काढायचा. सांगा, मंजूर?

चंपतरावांनी वहीत सत्ताविसाव्या नियमाचं पान उघडून पाहिलं. अंगणातला, चिंचोक्यांचा, बायकांचा नियम! चक्रवर्तीच्या पहिल्या पानावर! पण देवाजी दुसरा डाव मांडून मोकळे झाले होते. नत्थूजींना आता नुसतं पाहायचं होतं आणि यमुताई स्वयंपाकाला गेली होती, म्हणून दोन जागा रिकाम्या झाल्या. एका जागेवर जयवंता बसली. दुसऱ्या जागेवर चंपतरावांना बसावं लागलं, स्टूल न हलवता.

ते चांगले खेळले. वेशीत आधी तेच शिरले. मग जयवंताची पाळी आली, ती विचार करत राहिली, आणि चंपतरावांनी सवयीप्रमाणे तिचा राजा उचलला.

"ठेवा तो," जयवंता म्हणाली. "तो माहा हाये."

त्यांनी हात मागं घेतला. आपला राजा तिनं स्वतःच चालवला, तीन घरं, थेट वेशीच्या तोंडाशी. मग डोक्यावर पदर घेतला आणि नवऱ्याच्या राजापुढं बोटं टेकवली.

कोणी हसलं नाही. नत्थूजी नियमांची वही पहिल्या पानावर उघडून, पेन काढून बसले होते. चंपतरावांनी चौसष्ट पानं मनातल्या मनात चाळली; याच्यावर उतारा एकाही पानात नव्हता. त्यांनी बायकोकडं पाहिलं. तीस वर्षांत ती दर सणावारी पाया पडली होती, आणि त्यांना उठावं लागलं होतं ते आजच.

"सुखी राहा," ते म्हणाले, आणि आपला राजा उचलून घरी नेऊन ठेवला.