साडेनऊची मीटिंग

एम्लिनला रोज संध्याकाळी सात वाजता झोपवायचे. बासष्ट वर्षांचा दांडगा गडी, छपरं शाकारून आयुष्य काढलेला, आणि सातला अंथरुणात! छपरावरून पडून कमरेखालचं अंग गेलं, आवाज मात्र तसाच खणखणीत होता. त्याच्या गायनमंडळाची तालीम गुरुवारी सातला, आणि घरी येऊन झोपवणाऱ्या-उठवणाऱ्या, गावच्या कौन्सिलच्या केअरवाल्या बायाही सातलाच. चार वर्षं बिचाऱ्याने तालमीचं तोंड पाहिलं नव्हतं.

मग कौन्सिलने टूम काढली. ज्यांना सेवा मिळते त्यांनी साहेबांच्या बरोबरीने बसून ती आखायची. मी व्हीलचेअरवाली, तोंडाने फटकळ. लगेच नाव दिलं आणि एम्लिनलाही ओढलं.

"तिथे बिस्किटं तरी बरी असतात का गं, ओल्वेन?"

"बिस्किटं गेली खड्ड्यात. तुझ्या साताचे दहा करून घे!"

पहिली मीटिंग दुपारी झाली, पुढच्या दर पंधरवड्याला सकाळी साडेनऊला. आम्ही कडाकडा भांडलो. नेरिस, कौन्सिलची अधिकारी, सगळं लिहून घ्यायची. पोरगी वाईट नव्हती. एम्लिन सगळ्यांच्या आधी हजर, पण शर्ट चुरगळलेला, दाढीचे खुंट वाढलेले.

"काय रे, खुर्चीतच झोपतोस की काय?" मी चिडवायची.

"हो तर! तालमीची स्वप्नं बघत." तो हसायचा.

सहाव्या मीटिंगला तो आलाच नाही. हॉस्पिटलात होता. बसून बसून मांडीखाली जखम झालेली, त्याला ती जाणवलीच नाही, आणि विष रक्तात भिनलं. चार दिवसांत गेला.

त्याच्याकडे येणारी केअरवाली दफनाच्या वेळी माझ्याजवळ येऊन रडली. "सकाळी त्याच्याकडे पोचायला आम्हाला अकरा वाजतात. मग साडेनऊला जाणार कसा? मीटिंगच्या आदल्या संध्याकाळी आम्हाला दारातूनच परत पाठवायचा, रात्रभर खुर्चीत. वेळ बदलून माग म्हटलं, तर म्हणे, बरोबरीने बसायला बोलावलंय, लाड कसे करून घेऊ?"

मागे गायनमंडळ गात होतं. मला ऐकवेना.

पुढच्या मीटिंगला नेरिसचे डोळे लाल होते. "एम्लिनचा मुद्दा मंजूर झाला," ती म्हणाली. "झोपायची वेळ ज्याची त्याने ठरवायची, दहापर्यंत."

माझं डोकंच फिरलं. "आता? आणि साडेनऊची वेळ कुठल्या शहाण्याने ठरवली गं? माणूस उठवायला बाई अकराला येते, एवढीही अक्कल नाही?"

नेरिसने वहीची पानं मागे उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"वाच ना!"

"तुम्ही, ओल्वेन," ती हळूच म्हणाली. "पहिल्या मीटिंगला. तुमची व्हीलचेअर चढवणारी गाडी शाळेची पोरं सोडून नऊला मोकळी होते, म्हणालात. कोणाची हरकत नव्हती."

खरंच होतं. "चालेल ना सगळ्यांना?" असं मीच विचारलं होतं. एम्लिन समोरच बसला होता. त्याने जरा थांबून मान डोलावली होती, आणि मी पुढच्या मुद्द्यावर गेले होते.