आकडा स्थिर होईपर्यंत

"बटण दाबून धर. मी सांगेपर्यंत सोडायचं नाही," लिफ्ट मेकॅनिक मुलीला म्हणाला आणि त्याने लॅपटॉपची वायर जोडली. "हं, सोड आता."

झाकण काढलेल्या स्मार्ट स्विचवरचा दिवा काही लागला नाही.

"बाबा, नवीन घेऊन देऊ ना शिंपीकाकांना. कशाला डोकं फोडताय?"

"नवीन म्हणजे पुन्हा कुठल्यातरी कंपनीच्या मर्जीवर. धर, दाब परत."

बायकोच्या ऑक्सिजन मशीनला हा स्विच लावलेला होता. मशीन किती वीज घेतंय यावर तो डोळा ठेवायचा आणि ते थांबलं की मेकॅनिकच्या फोनवर बोंब ठोकायचा. बायको गेली. पाठोपाठ कंपनीनेही गाशा गुंडाळला आणि धडधाकट स्विच मुका झाला. मशीन आज संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या शिंप्याकडे जाणार होतं, त्याच्या आईसाठी. शिंपी दिवसभर दुकानात, म्हातारी घरात एकटी. मशीन बंद पडलं तर त्याला कळणार कसं? म्हणून आत दुसरं फर्मवेअर, म्हणजे स्विच चालवणारा प्रोग्राम घालायचा, कंपनीवाचून चालणारा.

बायको गेल्यापासून मेकॅनिकला रडू आलं नव्हतं. नातेवाईक म्हणाले, मोठा धीराचा माणूस. धीरबीर कसला! दात काढल्यावर गाल असतो तसं आत सगळं बधिर होतं.

पुढच्या खेपेला दिवा लुकलुकला. फर्मवेअर चढलं. मुलगी सुटकेचा निःश्वास टाकून भांडी घासायला गेली.

आता स्विचला वीज मोजायला शिकवायचं होतं. त्यासाठी किती वॅटचं ते पक्कं ठाऊक असलेलं काहीतरी जोडावं लागतं. घरात एकच वस्तू अशी होती जिचे वॅट त्याला तोंडपाठ होते. त्याने वायर काढली, झाकण बसवलं, आतल्या खोलीत जाऊन मशीन स्विचला जोडलं आणि बाहेर येऊन फोनवरून स्विच चालू केला.

आत मशीन घुमलं. मग त्याचे ते सुस्कारे सुरू झाले.

स्वयंपाकघरात पातेलं आदळलं. मुलगी ओल्या हातांनी धावत खोलीच्या दारात आली. "आई..." एवढंच तिच्या तोंडून निघालं आणि ती रिकाम्या पलंगाकडे बघत उभी राहिली.

लिफ्टला वीज देण्याआधी हाळी द्यायची, हे त्याने हाताखालच्या प्रत्येकाला ओरडून ओरडून शिकवलं होतं. आज तोच विसरला.

"अगं, मोजमाप करतोय," तो तिच्यामागे येत म्हणाला. "सांगायला हवं होतं मी."

ती पलंगाच्या कडेवर बसली. ओले हात पुसत म्हणाली, "बंद करताय?"

"करतो. आकडा स्थिर व्हायला वेळ लागतो जरा."

तो तिच्या शेजारी बसला. फोनवरचा आकडा केव्हाच स्थिर झाला होता.

दारावरची बेल वाजली.

"शिंपीकाका आले वाटतं," मुलगी म्हणाली.

"हो," तो म्हणाला, आणि त्याने फोन मांडीवर पालथा ठेवला.